फाईल उघडली नाही म्हणून अर्ज अडू नये : नवा वर्ड नसतानाही डॉकएक्स फाईल कशी उघडायची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या उर्दू शाळेच्या ऑफिसबाहेर पालकांची रांग लागते. कुणाला शाळा सोडल्याचा दाखला हवा असतो, कुणाला बोनाफाईड, कुणाला स्कॉलरशिपच्या कागदांवर सही-शिक्का. अशाच एका जूनमध्ये आमची एक माजी विद्यार्थिनी अम्मीला घेऊन आली. हातात मोबाईल. "सर, ये फाइल खुलतीच नहीं."

फाईल होती हमीपत्राच्या नमुन्याची. स्कॉलरशिप देणाऱ्या एका संस्थेने ती व्हॉट्सॲपवर पाठवली होती. नमुना भरायचा, प्रिंट काढायची, पालकांची सही घ्यायची आणि अर्जासोबत जोडायचा, एवढंच काम. आम्ही ती फाईल शाळेच्या कॉम्प्युटरवर घेतली. त्यावर वर्ड 2003. स्क्रीनवर नुसते चौकोन आणि चित्रविचित्र चिन्हं. आम्ही सरळ सांगून टाकलं, "बेटा, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन टाईप करून घे."

इथे आमचं चुकलं. दुकानदाराने मोबाईलमधल्या छोट्या अक्षरांवरून मजकूर पुन्हा टाईप केला, त्याचे पैसे घेतले आणि घाईत एक कलमच गाळलं. अर्ज त्रुटीत निघाला. दुरुस्तीला दोनच दिवस हातात होते. त्या वेळी आमच्या एका तरुण सहकाऱ्याने तीच फाईल स्वतःच्या मोबाईलवर पाच मिनिटांत उघडली, तिथेच माहिती भरली, पीडीएफ बनवली आणि प्रिंट काढून दिली. अर्ज वेळेत गेला. पण पोरीचे ते दोन दिवस कसे गेले असतील, हे तिलाच ठाऊक. पाच मिनिटांचं काम आम्हाला माहीत नव्हतं म्हणून तिचं वर्ष अडता अडता राहिलं.

आज ही माहिती लिहायचं कारण तेच. आपल्याकडच्या अनेक शाळांत, मदरशांत, मस्जिदीच्या कमिटीच्या ऑफिसात, बचत गटांत जुने कॉम्प्युटर आहेत. कुणी दान दिलेले, कुणी सेकंडहँड घेतलेले. ते टाकून देण्याची गरज नाही आणि महागडं सॉफ्टवेअर विकत घेण्याचीही नाही. फाईल का उघडत नाही, एवढं समजून घेतलं की उपाय आपोआप सापडतो.

ही 'एक्स'वाली फाईल आहे तरी काय?

प्रत्येक फाईलच्या नावामागे एक शेपूट असतं. टिंब आणि त्यापुढे तीन-चार अक्षरं. त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. जुन्या वर्डच्या फाईलचं शेपूट 'डीओसी' म्हणजे डॉक. नव्या वर्डच्या फाईलचं शेपूट 'डीओसीएक्स' म्हणजे डॉकएक्स. फरक एका अक्षराचा दिसतो, पण आतली मांडणी पूर्णपणे वेगळी आहे.

वर्ड 97 पासून वर्ड 2003 पर्यंत मायक्रोसॉफ्टने एकच डॉक पद्धत वापरली. ऑफिस 2007 आलं तेव्हा कंपनीने पद्धत बदलली आणि डॉकएक्स आणली. तेव्हापासून वर्डमध्ये आपण नुसतं 'सेव्ह' केलं तरी फाईल डॉकएक्स म्हणूनच साठते. म्हणजे पाठवणारा मुद्दाम काही करत नाही. तो नेहमीसारखा सेव्ह करतो आणि आपल्या जुन्या कॉम्प्युटरला ती फाईल कळत नाही. कारण वर्ड 2003 तयार झाला तेव्हा ही पद्धत अस्तित्वातच नव्हती.

एक चांगली गोष्ट मात्र झाली. डॉकएक्सची रचना कंपनीने स्वतःपुरती ठेवली नाही. 2006 मध्ये एक्मा या संस्थेने आणि 2008 मध्ये आयएसओने तिला मानक म्हणून मान्यता दिली. आतली मांडणी सगळ्यांसाठी छापील स्वरूपात उपलब्ध झाली. त्यामुळेच आज दुसऱ्या कंपन्यांची आणि मोफत मिळणारी सॉफ्टवेअर्सही ही फाईल उघडू शकतात. नवा वर्ड विकत घेतल्याशिवाय पर्याय नाही, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

आधी शेपूट तपासा

कुठलाही उपाय करण्याआधी फाईल नेमकी कोणती आहे ते बघा. विंडोजमध्ये बऱ्याचदा हे शेपूट लपवलेलं असतं. विंडोज 10 मध्ये कुठलंही फोल्डर उघडून वरच्या 'व्ह्यू' टॅबमध्ये 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' या चौकटीत टिक करा. जुन्या विंडोज एक्सपीमध्ये 'टूल्स', मग 'फोल्डर ऑप्शन्स', मग 'व्ह्यू' इथे जाऊन 'हाईड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाईल टाईप्स' समोरची टिक काढा.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, शेवटी डॉकएक्स असेल तर ती साधी वर्डची फाईल. पुढचे सगळे उपाय तिच्यासाठी आहेत.

दोन, शेवटी 'डीओसीएम' असेल तर त्या फाईलमध्ये मॅक्रो म्हणजे आपोआप चालणारे छोटे प्रोग्रॅम असू शकतात. ओळखीच्या माणसाने पाठवली असेल तरी आधी त्याला फोन करून विचारा. जुन्या डॉक फाईलमध्येही मॅक्रो असू शकतात. म्हणून 'एनेबल कंटेंट' किंवा 'एनेबल मॅक्रोज' असं बटण आलं तर विचारपूस केल्याशिवाय दाबू नका.

तीन, नावात मध्येच डॉकएक्स आणि अगदी शेवटी 'ईएक्सई' असेल तर ती वर्डची फाईलच नाही. सरळ डिलीट करा.

आणि हो, एक चूक आम्ही स्वतः केलेली आहे. फाईलचं नाव बदलून शेवटचा 'एक्स' खोडला की ती जुन्या वर्डमध्ये उघडेल, असं आम्हाला वाटलं होतं. तसं होत नाही. डब्यावरचं लेबल बदललं म्हणून आतली साखर मीठ होत नाही.

पहिला उपाय : पाठवणाऱ्यालाच सांगा

सगळ्यात सोपा आणि बिनखर्चाचा उपाय हाच. संकोच करू नका. ज्याच्याकडे नवा वर्ड आहे त्याला सांगा, "फाईल उघडून 'सेव्ह ॲज' करा, खाली 'सेव्ह ॲज टाईप'मध्ये 'वर्ड 97-2003 डॉक्युमेंट' निवडा आणि परत पाठवा." त्याचं अर्ध्या मिनिटाचं काम आहे. फाईल जुन्या वर्डमध्ये व्यवस्थित उघडेल.

नुसतं वाचायचं किंवा प्रिंट काढायचं असेल तर पीडीएफ मागा. पीडीएफ कुठल्याही मोबाईलवर, कुठल्याही कॉम्प्युटरवर जशीच्या तशी दिसते. फॉन्ट नसला तरी अक्षरं बिघडत नाहीत. राज्य सरकारचे शासन निर्णय वेबसाइटवर पीडीएफमध्येच मिळतात. पण त्यात एक अडचण आहे. साध्या पीडीएफमध्ये माहिती टाईप करता येत नाही. हाताने भरायचा फॉर्म असेल तर पीडीएफ ठीक, टाईप करून भरायचा असेल तर वर्डची फाईलच लागते.

दुसरा उपाय : खिशातला मोबाईल

कॉम्प्युटर जुना असला तरी घरात एखादा तरी स्मार्टफोन असतोच. अँड्रॉइडवर गुगल डॉक्स हे ॲप मोफत मिळतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाईलवर बोट ठेवलं की कशात उघडायची ते विचारलं जातं, तिथे डॉक्स निवडा. फाईल उघडते, तिच्यात बदल करता येतात. काम झालं की वरच्या तीन टिंबांवर जाऊन 'शेअर अँड एक्स्पोर्ट', मग 'सेव्ह ॲज' निवडा. तिथे पीडीएफचा पर्याय मिळतो. ती पीडीएफ झेरॉक्सवाल्याला पाठवा आणि प्रिंट घ्या. नव्याने टाईप करण्याचा प्रश्नच येत नाही, कलम गाळलं जाण्याचाही नाही.

मायक्रोसॉफ्टचं वर्डचं मोबाईल ॲपसुद्धा मोफत मिळतं. छोट्या स्क्रीनच्या फोनवर वाचणं आणि साधे बदल करणं त्यात पैसे न देता होतं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं काढावं लागतं, तेही मोफत आहे. आमचा अनुभव असा की, तक्ते असलेली फाईल वर्डच्या ॲपमध्ये जास्त नीट दिसते. आणि साधा मजकूर दोन्हीकडे सारखाच दिसतो.

मोबाईलवर फॉर्म भरताना घाई करू नका. छोट्या स्क्रीनवर एखादी रकाना-ओळ नजरेतून सुटते. पीडीएफ बनवल्यावर ती मोठी करून सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाचा. मूळ फाईलची पानं किती आणि आपली किती, हेही मोजा.

तिसरा उपाय : इंटरनेट असलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटरला इंटरनेट असेल आणि ब्राउझर बऱ्यापैकी नवा असेल तर काहीही इन्स्टॉल करायची गरज नाही. गुगल ड्राइव्हमध्ये जा, 'न्यू' बटण दाबून 'फाईल अपलोड' करा आणि फाईलवर डबल क्लिक करा. ती गुगल डॉक्समध्ये उघडते. बदल करून झाले की 'फाईल' मेनूतल्या 'डाउनलोड'मधून ती वर्ड, पीडीएफ किंवा साध्या मजकुराच्या रूपात परत उतरवता येते. जीमेलवर आलेली फाईल असेल तर अपलोडही करायला नको, तिथूनच उघडता येते.

वर्डचीही ब्राउझरमध्ये चालणारी मोफत आवृत्ती आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरून फाईल वनड्राइव्हवर चढवा आणि तिथेच उघडा. विकतच्या वर्डमधल्या काही सोयी त्यात नाहीत, पण अर्ज, पत्र, प्रश्नपत्रिका एवढ्याला ती पुरते.

विंडोज एक्सपीवाल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. क्रोमने 2016 मध्येच एक्सपीसाठी नव्या आवृत्त्या देणं बंद केलं. त्या जुन्या ब्राउझरमध्ये या वेबसाइट नीट चालत नाहीत. शिवाय मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि ऑफिस 2003 या दोघांनाही सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं 8 एप्रिल 2014 रोजी थांबवलं. असा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडण्यापेक्षा नुसता टायपिंग आणि प्रिंटसाठी ठेवलेला बरा.

आणि सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम केलं तर उठण्यापूर्वी खात्यातून 'साइन आउट' करा. डाउनलोड केलेली फाईल तिथून डिलीट करा.

चौथा उपाय : लिबरऑफिस, मोफत आणि कायमचा

रोज अशा फाईल येत असतील तर रोज मोबाईल कशाला? कॉम्प्युटरवर लिबरऑफिस टाकून घ्या. हे पूर्णपणे मोफत आणि कायदेशीर सॉफ्टवेअर आहे. 2010 मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं होऊन ते सुरू झालं. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते चालवते. वर्डच्या जागी त्यात 'रायटर' आहे, एक्सेलच्या जागी 'कॅल्क' आणि पॉवरपॉइंटच्या जागी 'इम्प्रेस'. जुनी डॉक आणि नवी डॉकएक्स, दोन्ही त्यात उघडतात. एकदा टाकलं की इंटरनेट लागत नाही. मेनूसाठी मराठी भाषाही निवडता येते.

कॉम्प्युटर कुठल्या विंडोजवर चालतो त्याप्रमाणे आवृत्ती घ्यायची असते. विंडोज 10 किंवा 11 असेल तर सध्याची आवृत्ती घ्या. विंडोज 7 किंवा 8 असेल तर 25.2 पर्यंतची आवृत्ती घ्या, त्यानंतर 25.8 पासून ती जुन्या विंडोजवर चालत नाही. विंडोज एक्सपी असेल तर 5.4 ही शेवटची आवृत्ती. जुन्या आवृत्त्या संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर जपून ठेवलेल्या आहेत, तिथूनच घ्या. इतर कुठल्या वेबसाइटवरून घेऊ नका.

शाळेत इंटरनेट नसेल तर घरून किंवा मित्राकडून ही फाईल डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर आणा. तोच पेन ड्राइव्ह वापरून दहा कॉम्प्युटरवर टाका, कुणी लायसन्स विचारणार नाही. केरळमधल्या सरकारी शाळा तर वर्षानुवर्षं अशाच मोफत सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत. तिथे काईट ही सरकारी संस्था शाळांना लिनक्सवर चालणारी पूर्ण यंत्रणाच पुरवते. त्यांना जमतं तर आपल्याला का जमू नये?

वापरताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फाईलमध्ये बदल करून सेव्ह केलं की लिबरऑफिस विचारतं, आहे त्याच पद्धतीत ठेवू की ओडीएफमध्ये? ओडीएफ ही लिबरऑफिसची स्वतःची पद्धत. फाईल परत वर्डवाल्याला पाठवायची असेल तर आहे तीच पद्धत ठेवा. आणि शाळेतल्याच जुन्या वर्ड 2003 वर न्यायची असेल तर 'सेव्ह ॲज' करून वर्ड 97-2003 निवडा. म्हणजे एका कॉम्प्युटरवर लिबरऑफिस असलं तरी बाकीच्यांची सोय होते.

मांडणी शंभर टक्के तशीच येईल असं नाही. साधं पत्र असेल तर फरक कळतही नाही. पण तक्त्यात तक्ता, चौकटीत फोटो, बाजूला शिक्क्याची जागा असा फॉर्म असेल तर ओळी खाली-वर होतात. सरकारी किंवा ट्रस्टचा फॉर्म असेल तर मूळ पीडीएफ शेजारी ठेवून ताडून बघा.

वर्डपॅड आणि ते जुनं 'पॅक'

विंडोज 7 पासून विंडोज 10 पर्यंत कॉम्प्युटरमध्ये वर्डपॅड नावाचा छोटा प्रोग्रॅम आधीपासून असतो. तो डॉकएक्स उघडतो. मांडणी साधी दिसते, काही गोष्टी गळतात, पण मजकूर वाचता येतो. मात्र त्यात फाईल सेव्ह करू नका, नाहीतर गळलेल्या गोष्टी कायमच्या जातील. विंडोज 11 च्या 2024 च्या आवृत्तीपासून वर्डपॅड काढून टाकला आहे.

काही जुने जाणकार सांगतील की मायक्रोसॉफ्टचं 'कम्पॅटिबिलिटी पॅक' टाका, वर्ड 2003 मध्येच फाईल उघडेल. बरोबर आहे, तसं होतं. पण कंपनीने 2018 मध्ये ते बंद केलं. आता त्या नावाने जे इकडेतिकडे मिळतं त्यात व्हायरस नसेल याची खात्री नाही. ज्यांच्या कॉम्प्युटरवर ते आधीपासून आहे त्यांनी वापरावं, नव्याने शोधायला जाऊ नये. 'क्रॅक' केलेलं नवं ऑफिस फुकट टाकून देणाऱ्यांपासूनही लांबच राहा. ते बेकायदा तर आहेच, शिवाय शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय घुसेल ते सांगता येत नाही.

अगदी अडलंच तर : फाईलचं गाठोडं सोडा

जवळ मोबाईल नाही, नेट नाही, लिबरऑफिस नाही. समोर फक्त जुना कॉम्प्युटर. तरीही मजकूर वाचता येतो. कारण डॉकएक्स ही मुळात एक झिप फाईल आहे. म्हणजे अनेक छोट्या फाईल बांधून ठेवलेलं गाठोडं.

आधी फाईलची एक कॉपी करा. त्या कॉपीच्या नावात शेवटी डॉकएक्सच्या जागी 'झेडआयपी' लिहा. विंडोज इशारा देईल, 'येस' म्हणा. आता ती झिपसारखी उघडेल. सगळं बाहेर काढा म्हणजे एक्स्ट्रॅक्ट करा. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर दिसेल. त्यातली 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाईल ब्राउझरमध्ये उघडा. तिरक्या कंसांच्या गर्दीत आपला मजकूर दिसेल. सुंदर दिसणार नाही, पण वाचता येईल. तारीख, फी, पत्ता, कागदपत्रांची यादी कळायला तेवढं पुरे.

याच फोल्डरमध्ये 'मीडिया' नावाचं आणखी एक फोल्डर असतं. वर्डच्या फाईलमध्ये कुणी फोटो किंवा स्कॅन केलेले दाखले चिकटवून पाठवले असतील तर ते सगळे तिथे वेगवेगळे मिळतात. निकालाच्या दिवसांत आम्हाला या युक्तीचा फार उपयोग झाला आहे. फाईलला पासवर्ड असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही.

आधी आम्ही वर म्हणालो की नुसतं नाव बदलून डॉकएक्सची डॉक होत नाही. मग इथे नाव बदलून कसं चालतं? कारण इथे आपण खोटं लेबल लावत नाही. ती आतून खरोखरच झिप आहे, आपण फक्त तिचं खरं नाव सांगतो.

फाईल उघडली, पण अक्षरं वेडीवाकडी!

आपल्यासारख्या दोन लिपीत काम करणाऱ्यांची खरी डोकेदुखी इथे सुरू होते. फाईल उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, किंवा उर्दूच्या जागी चौकोन. हा दोष डॉकएक्सचा नाही, फॉन्टचा आहे.

मराठीत कृतिदेव, श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट आजही वापरात आहेत. त्यांत लिहिलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर बसवलेला असतो. तो फॉन्ट आपल्याकडे नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. उपाय दोनच. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून मागा. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी आणि उर्दू अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. त्यामुळे मंगल, निर्मला किंवा नोटो असा कुठलाही युनिकोड फॉन्ट असला तरी मजकूर वाचता येतो.

विंडोज एक्सपीवर युनिकोड मराठीची वेलांटी चुकीच्या जागी दिसत असेल किंवा उर्दूची अक्षरं सुटी-सुटी दिसत असतील, तर 'कंट्रोल पॅनल'मध्ये 'रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स' उघडा. 'लँग्वेजेस' टॅबमध्ये 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट अँड राइट-टू-लेफ्ट लँग्वेजेस' समोर टिक करा. एक्सपीची सीडी मागेल, ती हाताशी ठेवा. एकाच टिकमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही सुधारतात.

उर्दूचं आणखी एक आहे. फाईल युनिकोडमध्ये असली तरी नस्तालीक फॉन्ट नसेल तर मजकूर अरबी वळणाच्या नस्ख अक्षरांत दिसतो. वाचता येतो, पण ओळी बदलतात, दोन पानांची प्रश्नपत्रिका कमी-जास्त पानांची होते. जमील नूरी नस्तालीक किंवा गुगलचा नोटो नस्तालीक उर्दू हे फॉन्ट मोफत मिळतात. विंडोज 8 पासून पुढे 'उर्दू टाईपसेटिंग' नावाचा फॉन्ट आधीपासून असतो. लिबरऑफिसमध्ये उजवीकडून डावीकडे लिहिण्याचं बटण दिसत नसेल तर 'टूल्स', 'ऑप्शन्स' आणि पुढे भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करा.

आणि इनपेजची फाईल म्हणजे वर्डची फाईल नव्हे. ती वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये उघडून काही होत नाही. इनपेज वापरणाऱ्या कातिब साहेबांना पीडीएफ किंवा युनिकोड मजकूरच द्यायला सांगा.

फुकटच्या वेबसाइटपासून सावध

'फाईल टाका, बदलून घ्या' अशा फुकट वेबसाइट ढिगाने आहेत. एखादी कविता किंवा सुट्टीची नोटीस असेल तर हरकत नाही. पण विद्यार्थ्यांची यादी, आधार क्रमांक, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, निकाहनामा असे कागद अनोळखी वेबसाइटवर कधीही चढवू नका. फाईल तिकडे गेली की तिचं काय होतं, हे आपल्या हातात राहत नाही. मुलांच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांची संमती लागेल, असं डिजिटल वैयक्तिक माहितीबाबतच्या 2023 च्या कायद्यातही म्हटलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, पालक आपल्या हातात कागद देतात तो भरवशाने. ती अमानत आहे.

संस्था आणि कमिट्यांना एक विनंती

इथपर्यंत फाईल घेणाऱ्याने काय करावं ते सांगितलं. पण अर्धी जबाबदारी पाठवणाऱ्याचीही आहे. आपल्या ट्रस्टचे, अंजुमनचे, स्कॉलरशिप देणाऱ्या संस्थांचे फॉर्म पाठवताना दोन प्रती पाठवा. एक पीडीएफ, म्हणजे कुणालाही वाचता आणि छापता येईल. दुसरी जुन्या वर्ड 97-2003 पद्धतीची, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवरही भरता येईल. मजकूर युनिकोडमध्येच लिहा. फाईलचं नाव साधं आणि छोटं ठेवा. एवढं केलं तर खेड्यापाड्यातल्या किती मुलांचे हेलपाटे वाचतील, याचा विचार करा.

शिक्षक मित्रांनाही सांगणं आहे. येत्या शनिवारी एक तास काढा. शाळेच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर कोणतं विंडोज आहे ते एका कागदावर लिहा. योग्य ते लिबरऑफिस, एक युनिकोड मराठी फॉन्ट आणि एक नस्तालीक फॉन्ट एका पेन ड्राइव्हवर भरून ऑफिसच्या कपाटात ठेवा. शिपाई काकांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना माहीत असू द्या की तो कुठे आहे.

आमच्या शाळेत तो पेन ड्राइव्ह आता चावीच्या खिळ्यालाच टांगलेला असतो. ती मुलगी मधे भेटली होती, डीएडला आहे. म्हणाली, "सर, आता फाईल उघडली नाही तर मीच कॉलेजात सगळ्यांना उघडून देते." आम्ही तिला जे वेळेवर सांगू शकलो नाही, ते ती आता इतरांना सांगते आहे. तुम्हीही हे वाचून झालं की शेजारच्या एखाद्या अम्मीला, अब्बांना, एखाद्या पोराला सांगा. पुढच्या जूनमध्ये कुणाचाही अर्ज फाईल उघडली नाही एवढ्याच कारणाने मागे येऊ नये.